विहीणबाईंचा व्हिसा

विहीणबाईंच्या व्हिसाला अट नव्हती आणि माझ्या व्हिसाला होती. गोष्ट एवढीच आहे. पण एवढ्याशा गोष्टीने त्या वर्षी माझा जीव इतका जाळला की आजही कोणी 'व्हिसा' म्हटलं की मला आधी त्यांचा चेहराच आठवतो.

परदेशातल्या आपल्या मुलांनी एक पद्धत पाडली आहे, ती आधी सांगते. सुनेला दिवस राहिले की बाळंतपणाला तिची आई येते आणि सहा महिने राहते. ती निघायच्या आठ-पंधरा दिवस आधी मुलाची आई उतरते. तेवढे दिवस दोघी एकत्र राहायचं, पहिलीने दुसरीला सगळं दाखवायचं आणि विमानात बसायचं. मुलं याला हँडओव्हर म्हणतात. ऑफिसातला शब्द आहे, पण चपखल बसतो. तर मी हँडओव्हर घ्यायला मार्चमध्ये पुण्याहून सिडनीला, पेंडल हिलला मुलाच्या घरी पोचले. नातू तेव्हा सहा महिन्यांचा होता आणि मी त्याला पहिल्यांदाच हातात घेणार होते.

घेतलं, तर त्याने भोकाड पसरलं. विहीणबाईंनी अलगद माझ्याकडून घेतला, पाठीवर दोन थापट्या मारल्या, गप्प. वर मला म्हणाल्या, "होतं हो असं. नवीन माणूस आहे ना त्याला."

नवीन माणूस! मी! माझ्या मुलाचं नाक घेऊन आलेलं पोर ते!

बरं, आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे, जाऊ दे, म्हणून मी गिळलं. त्या दहा दिवसांत काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. इथल्या सीमा बंद झाल्या, आपल्याकडची विमानं बंद झाली, विहीणबाईंचं तिकीट रद्द झालं. आणि दोन बेडरूमच्या युनिटमध्ये, आपण फ्लॅट म्हणतो त्यात, आम्ही दोघी विहिणी, एका खोलीत दोन पलंगांवर, बंद झालो. खिडकीकडचा पलंग त्यांचा. त्या आधी आलेल्या ना.

त्यांना सगळं यायचं, हो. कुठल्या दिवशी पिवळ्या झाकणाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, कुठल्या दिवशी लाल झाकणाचा. दुकानात कार्ड टेकवायचं, बसमध्ये कार्ड टेकवायचं. बाळाला अंघोळीनंतर ओव्याची धुरी द्यायची, पण छतावरचा धुराचा अलार्म बोंबलू नये म्हणून आधी त्याच्याखाली टॉवेल घेऊन सुनेला उभं करायचं. स्टेशनजवळच्या आपल्या लोकांच्या दुकानात तेव्हा घरटी एकच कणकेची पिशवी मिळायची. मी रांगेत उभी राहून एक आणायची. त्या गेल्या की दुकानदार "आंटीजी" म्हणून गल्ल्याखालून मुगाची डाळसुद्धा काढून द्यायचा. शेजारची गोरी बाई कुंपणापलीकडून हाक मारायची आणि या बिनदिक्कत उत्तर द्यायच्या, "नो वरीज, नो वरीज." नाशिकची बाई! मी बँकेत तीस वर्षं नोकरी केलेली, पण त्या गोरीपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

आणि सगळ्यात टोचायचं ते हाक मारणं. सून मला म्हणायची "अहो आई" आणि त्यांना "ए आई". आता हे घरोघरी असंच असतं, मीही माझ्या सासूबाईंना 'अहो'च म्हणत होते. पण दोघी एकाच ओट्याशी उभ्या असताना दिवसातून पन्नास वेळा कानावर पडायला लागलं की कळतं त्या 'अहो'त किती अंतर आहे ते. सून वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. बाळंतपणाची रजा संपून ती नेमकी त्याच दिवसांत शिफ्टला जायला लागली, रोज ढिगाने स्वॅब तपासायचे. घरी आली की कोणाला शिवायची नाही, थेट बाथरूममध्ये जायची. केस ओले घेऊन बाहेर यायची ती, "ए आई, दे त्याला." पोर कायम त्यांच्याच काखेत. मी समोर बसून भाजी निवडायची.

मग व्हिसाचं निघालं. विहीणबाईंचा मार्चअखेर संपत होता. सुनेने एका दुपारी लॅपटॉप उघडला, आईच्या नावाने नवीन अर्ज भरला, बटण दाबलं. झालं. पोचपावतीबरोबरच पत्र आलं की निर्णय होईपर्यंत इथेच राहा. चहा गाळून कपात ओतेपर्यंत काम संपलं. विहीणबाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "बाई गं, किती सोपं करून ठेवलंय या लोकांनी!"

माझा जूनच्या सुरुवातीला संपायचा होता. मी मुलाला म्हटलं, "माझंही आत्ताच करून टाक की, एवढं सोपं आहे तर."

त्याने माझं व्हिसाचं पत्र उघडलं, खाली-वर केलं, परत वर नेलं.

"काय रे?"

"आई, तुझ्या व्हिसाला 'नो फर्दर स्टे' आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे असताना दुसऱ्या व्हिसासाठी अर्ज करता येत नाही. संपला की परत जायचं."

"विमान कुठंय परत जायला?"

"तेच ना."

"मग यांच्या व्हिसाला का नाही अट?"

विहीणबाई तिथेच होत्या, पोराला खिमट भरवत. त्या म्हणाल्या, "आमचा कसा सुटला देव जाणे." देव जाणे म्हणताना त्यांच्या आवाजात काही नव्हतं, सरळ होता. पण मला तो ऐकवेना. उठून मी गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेले. ते वाळलेही नव्हते.

मुलाचा एक मित्र मेलबर्नला, वेरिबीला राहतो. त्याच्याबरोबर शिकायला आलेला, नंतर इथेच कायम झाला आणि आता रीतसर परवाना काढून व्हिसाचीच कामं करतो. त्याला व्हिडिओ कॉल लावला. मागे त्याची दोन मुलं सोफ्यावरून उड्या मारत होती आणि हा त्यांना इंग्रजीत ओरडून, मला मराठीत समजावत होता.

"मावशी, घाबरू नका. अट उठवून घ्यायला विनंती करता येते. व्हिसा दिल्यानंतर काहीतरी असं घडलं पाहिजे की ज्यावर तुमचा ताबा नव्हता. ते तर घडलंच आहे. फक्त क्रम लक्षात ठेवा. आधी अट उठली पाहिजे, मग नवीन अर्ज, आणि तो अर्ज जुना व्हिसा संपायच्या आत पडला पाहिजे. एक दिवससुद्धा वर नको."

"आणि नाही उठली तर?"

"तर मिळेल त्या विमानाने जायचं. आणि मावशी, आत्ता गेलेल्या माणसाला परत येता येणार नाही हां. बॉर्डर बंद आहे. जवळच्या कुटुंबाला सोडतात, पण त्यात नवरा-बायको आणि लहान मुलं. आई-वडील नाही बसत."

"आई कुटुंबात नाही?"

"यांच्या हिशेबात नाही," तो म्हणाला. "सॉरी मावशी."

मी विचारलं, "मला एक सांग. माझ्यालाच अट का? आमच्या विहीणबाईंना नाही, मला का?"

तो जरा घुटमळला. "नक्की कारण कोणी सांगत नाही. पण माझा अंदाज सांगू? त्यांचे मिस्टर नाशिकला आहेत, घर आहे, द्राक्षबाग आहे. बाई परत जाणार याची खात्री वाटते. तुम्ही एकट्या आहात. काका नाहीत. एकुलता एक मुलगा इथे. म्हणजे कागदावर बघणाऱ्याला वाटतं..."

"की मी चिकटून बसेन."

"तसंच काही नाही मावशी..."

तसंच होतं. इतके दिवस मला त्यांच्या खिडकीचा हेवा वाटत होता, 'ए आई'चा वाटत होता, मुगाच्या डाळीचा वाटत होता. त्या संध्याकाळी विहीणबाईंचा फोन वाजला, पलीकडून त्यांचे यजमान खेकसत होते की कुकरच्या तीन शिट्ट्या करायच्या की चार, आणि या हसत होत्या, "अहो, भात आहे तो, दगड नाही." मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. माणूस मागे असला की व्हिसासुद्धा मोकळा मिळतो. आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली होती. इतक्या लांबच्या कचेरीतल्या कोणा माणसाने माझ्या विधवापणाचा असा अर्थ लावला असेल, हे मनातून जाईना.

मुलाने मग विनंतीचं पत्र लिहायला घेतलं. आता आमच्या घरात एक अलिखित नियम होता की प्रत्येकाने आपापल्या आईचं बघायचं. सून तिच्या आईचे कागद बघणार, मुलगा माझे. एकमेकांत पडायचं नाही, म्हणजे वाद नाहीत. मुलगा टेबलाच्या या टोकाला टाइप करत होता. मी मागे उभी.

"काय लिहिलंय तिच्या आईसाठी तिने?"

"मला काय माहीत? मी नाही वाचलं."

"बाळाला सांभाळतात असंच लिहिलं असणार. तू कमी लिहू नकोस."

"आई!"

"मग? मी काय इथे भाजी निवडायला आले?"

त्याने हसून लिहिलं. वाचूनही दाखवलं. सून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अत्यावश्यक कामावर, मुलगा घरून नोकरी करणारा, पाळणाघरात तान्हं मूल पाठवायची भीती, आणि बाळाची संपूर्ण काळजी घेणारी घरातली एकमेव व्यक्ती म्हणजे मी. 'एकमेव' ऐकून माझी छाती फुगली. मी म्हटलं, "छान लिहितोस रे."

तीन आठवड्यांनी कचेरीचं उत्तर आलं. नकार नव्हता, प्रश्न होता. अतिशय सभ्य भाषेत त्यांनी विचारलं होतं की याच पत्त्यावर राहणाऱ्या दुसऱ्या एका पाहुण्या बाईच्या अर्जातही याच बाळाची काळजी घेणारी एकमेव व्यक्ती त्याच आहेत असं म्हटलेलं आहे. तरी कृपया खुलासा करावा.

मुलाने सुनेकडे पाहिलं. सुनेने मुलाकडे पाहिलं.

"तू 'एकमेव' लिहिलंस?"

"तूपण?"

"अरे, होतीच ना तेव्हा माझी आई एकमेव! तुझी आई येऊन किती दिवस झाले होते?"

"म्हणजे माझी आई काही करत नाही?"

"मी असं म्हटलं का? पण अंघोळ कोण घालतं?"

"आणि स्वयंपाक कोण करतं?"

पोर मधे चटईवर बसून दोघांकडे आलटून पालटून बघत होतं. वेरिबीच्या एजंटला फोन लावला, तर त्याने डोक्यालाच हात लावला. "अरे मित्रा, मला न दाखवता पाठवलंस? दोन आज्या, एक बाळ, आणि दोघी एकमेव! मेट, ही चूक फक्त आपलेच लोक करू शकतात." मग गंभीर झाला. "आता सांभाळणं-बिंभाळणं काढून टाक. सरळ लिही की विमानं नाहीत, वय झालंय, एकटीने तीन विमानं बदलून जाणं सुरक्षित नाही. पण घरात दोघींपैकी कोण राहणार, कोण जाणार, ते स्पष्ट असलेलं बरं. सरकारची विमानं सुरू होतायत, लोकांना घरी न्यायला. नाव नोंदवायचं असेल तर लगेच नोंदवा."

फोन ठेवल्यावर कोण राहणार आणि कोण जाणार, हे कोणीच उच्चारेना. सुनेचं मन मला दिसत होतं. तिची आई राहू शकत होती, कायद्याने, मोकळेपणी. माझी रखडलेली. मग सरळ आहे ना, की ज्याला राहता येतं त्याने राहावं? मी तिच्या जागी असते तर मी तेच म्हटलं असतं. ती बोलली नाही, हा तिचा चांगुलपणा. पण न बोललेलं ऐकू येतंच की.

रात्रीच्या भाकऱ्या विहीणबाई थापत होत्या. तव्यावरची उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझं नाव नोंदवा."

सून म्हणाली, "ए आई, काहीतरी काय!"

"काहीतरी काय म्हणजे? तुझे बाबा तिकडे बिस्किटं खाऊन राहतायत. मी बाळाला सहा महिने पाहिलं. यांनी काय पाहिलं? आल्यापासून माझ्या मागेमागे." मग माझ्याकडे वळल्या. "पटतंय का हो तुम्हाला? मला राहायला कोणी अडवत नाही, आणि तुम्हाला राहायला कोणी देत नाही. उलटं व्हायला हवं होतं, नाही?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मुलाचे डोळे भरून आले. "मम्मी," तो सासूबाईंना म्हणाला, आणि ताटं मांडायला लागला.

आता मी इथे म्हणायला हवं की माझंही मन भरून आलं, मी उठून त्यांचे हात धरले वगैरे. हात धरले मी, नाही असं नाही. पण आतून काय वाटलं ते सांगू? वाटलं, मोठेपणाही यांनाच. व्हिसा मोकळा यांना, नवरा यांना, पोर यांचं, आणि आता त्यागही यांचाच! मला निदान तेवढा तरी करू द्यायचा. पण मला तो परवडणारा नव्हता. मी गेले असते तर पुण्याच्या फ्लॅटचं कुलूप काढून आत बसले असते, आणि माझ्या नातवाला मी परत कधी दिसले असते कोण जाणे. म्हणून मी 'नको नको' असंसुद्धा म्हटलं नाही. घाबरले, त्या खरंच ऐकतील म्हणून.

त्यांच्या नावाचा नंबर अचानक लागला. आदल्या दिवशी फोन, दुसऱ्या दिवशी विमान. मुलाने सुधारून पाठवलेल्या माझ्या विनंतीवर तोवर उत्तर आलेलं नव्हतं. म्हणजे त्या निघाल्या तेव्हा माझं ठरलेलं नव्हतंच. मला नकार आला असता तर दोघीही गेल्या असत्या आणि सुनेच्या शिफ्टच्या वेळी पोर कोणाच्या हातात द्यायचं, हा प्रश्न होताच. हे त्यांना ठाऊक होतं. तरी गेल्या.

विमानतळावर आत फक्त प्रवाशांना सोडत होते. गाडीतून उतरताना त्यांनी मास्क लावला, वर प्लास्टिकची ढाल, हातात हातमोजे. पोराने ओळखलंच नाही त्यांना. टकमक बघत बसलं. त्यांनी काचेतून हात हलवला, त्याने नाही हलवला. सून मात्र गाडीच्या दाराला धरून रडली, अगदी लहान पोरीसारखी, "ए आई, ए आई" करत. मी मागच्या सीटवर बाळाशेजारी. मनात आलं, उद्या मी गेले तर असं कोण रडेल? मुलगा रडेल, पण मुलगे गाडी चालवत रडतात, कोणाला दिसत नाही.

घरी येऊन मी खिडकीकडच्या पलंगाची चादर बदलली. तिथे झोपले मात्र नाही. का ते माहीत नाही. आपल्याच पलंगावर पडून राहिले.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. पोर ऐकेना. अंघोळीला माझ्या हाताची सवय नाही, तेल लावलं की निसटायचं. अलार्म दोनदा वाजला, गोरी शेजारीण धावत आली. मुलगा मिनिटा-मिनिटाला ईमेल बघायचा. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. व्हिसा संपायला आठवडाही उरला नव्हता. मी बॅग भरायला काढली, म्हणजे वेळ आली तर धावपळ नको. पोर त्या रिकाम्या बॅगेत जाऊन बसलं आणि मी त्याला बाहेर काढलं नाही.

उत्तर आलं ते सकाळी, सून शिफ्टला गेलेली असताना. मुलगा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, हेडफोन कानात. त्याने तसाच हात वर केला, अंगठा दाखवला आणि माइक बंद करून ओरडला, "आई, अट उठली!" विमानं नियमित नाहीत हे कारण त्यांनी मान्य केलं होतं. बाळाचं नावसुद्धा पत्रात नव्हतं. जिच्यावरून घरात एवढं भांडण झालं ती 'एकमेव'गिरी कोणी मोजलीच नव्हती. त्याने मीटिंग संपायच्या आत स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीत नवीन अर्ज भरला. तिकडे त्याचा साहेब काहीतरी विचारत होता आणि हा "येस, येस" म्हणत माझा पासपोर्ट नंबर टाकत होता. पोचपावती आली. राहा म्हणून पत्र आलं.

मी पहिला फोन विहीणबाईंना केला. त्या हॉटेलातला एकांतवास संपवून नाशिकला पोचल्या होत्या. मागे त्यांचं स्वयंपाकघर दिसत होतं आणि यजमान स्टुलावर बसून शेंगा सोलत होते.

"आला का तुमचा कागद?"

"आला. अट काढली. अर्जही पडला."

"म्हणजे आता किती?"

"निर्णय होईपर्यंत. मग दिला तर सहा महिने, कदाचित वर्ष."

त्यांच्या हातात झाऱ्या होता, तो त्यांनी उगाच ओट्यावर इकडचा तिकडे ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचं बरंय हो."

खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं मला ते. मार्चपासून माझ्या वाट्याला असं काही आलंच नव्हतं. मी जरा सावरून बसले.

"बाळ काय करतंय? दाखवा ना."

"झोपलाय," मी म्हटलं.

तो माझ्या मांडीशी बसून वाटी आपटत होता. बहुतेक आवाज ओळखला त्याने, कारण वाटी टाकून एकदम फोनकडे झेपावला आणि असा काही चित्कारला की नाशिकला यजमानांच्या हातातल्या शेंगा थांबल्या.

विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. "उठला वाटतं."

"उठला वाटतं," मी म्हटलं, आणि फोन फिरवला. पण अर्धाच.